मामांच्या कारखान्याचे संकेतस्थळ



नागपूरच्या सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जाणारी मेट्रो २८ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. लोकमान्य नगरला उतरून जिन्याने खाली आलात की हिंगणा रस्ता लागतो आणि त्याच्या आसपास पसरलेली हिंगण्याची औद्योगिक वसाहत दिसते. लोक तिला नुसते 'एमआयडीसी' म्हणतात. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. महिंद्राचा ट्रॅक्टरचा मोठा कारखाना याच वसाहतीत आहे. त्याखेरीज लहान कारखाने कितीतरी. कुठे लेथवर बुश निघत असतात, कुठे पत्रा कापला जात असतो, तर कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात.

समजा, यांपैकी एका लहानशा कारखान्याचे मालक तुमचे मामा आहेत. पत्र्याची एक शेड, दोन लेथ मशीन, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल आणि सहा कामगार. मामा बारा वर्षे एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला बुश आणि पिना पुरवत आले. यंदा त्या गिऱ्हाइकाची मागणी निम्म्यावर आली आहे. दुपारनंतर एक लेथ मशीन बंदच असते. सहापैकी दोन कामगारांना पुढल्या महिन्यात काय सांगायचे, या विचाराने मामांना झोप लागत नाही. नवे गिऱ्हाईक हवे. ते पुण्याला असेल, कदाचित कोइमतूरला असेल. आणि त्याने मामांचे नावही ऐकलेले नसेल.

तुम्ही म्हणता, "मामा, आपण वेबसाइट करू या."

मामा म्हणतात, "काऊन रे बा? ज्याले आपलं काम माहीत आहे तो फोन करते. ज्याले माहीत नाही तो आपल्याले शोधतेच कशाले?"

मामांचा प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर सापडले, तर संकेतस्थळ कसे आखायचे हेही सापडते. ते उत्तर असे : मामांना कोणी शोधत नाही, हे खरे, पण चाळीस मिलिमीटरचा बुश कोणीतरी शोधत असतो. त्या अनोळखी माणसाच्या मनात जो प्रश्न आहे, त्याचे उत्तर मामा झोपलेले असतानाही मिळाले पाहिजे. संकेतस्थळ असते ते यासाठी. ते कसे तयार होते, पाहू या.

पान येते कोठून?

मोबाइलच्या पडद्यावर एखादे पान उघडते, तेव्हा ते पान मोबाइलमध्ये आधीपासून नसते. दूर कोठेतरी रात्रंदिवस चालू असलेल्या एका संगणकात ते साठवलेले असते. या संगणकाला 'सर्व्हर' म्हणतात. खाणावळीतला वाढपी जसा कोण काय मागतो इकडे कान लावून उभा असतो, तसा हा सर्व्हर मागणीची वाट पाहत असतो. मोबाइलमधील 'ब्राउझर' नावाचा प्रोग्रॅम त्याच्याकडे "अमुक पान द्या" अशी मागणी पाठवतो. सर्व्हर पानाचा मजकूर पाठवतो. ब्राउझर तो वाचून पडद्यावर नीट मांडून दाखवतो. मागणी आणि पुरवठा, बस्स एवढाच व्यवहार!

ही व्यवस्था सुचली ती टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाला. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करत. प्रत्येकाची टिपणे वेगळ्या संगणकावर, वेगळ्या रीतीने ठेवलेली. एकाची माहिती दुसऱ्याला सापडेना. मार्च १९८९ मध्ये बर्नर्स-ली यांनी यावर उपाय सुचवणारा एक प्रस्ताव लिहिला. १९९० च्या अखेरीस जगातला पहिला सर्व्हर त्यांच्याच टेबलावरच्या संगणकात चालू झाला. तो चुकून कोणी बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये.' आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हा शोध सर्वांना विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. म्हणूनच आज हिंगण्याच्या मामांना स्वतःचे पान मांडायला त्या शोधासाठी कोणाला पैसाही द्यावा लागत नाही.

आधी कागद, मग संगणक

आता लगेच संगणकासमोर बसू नका. एमआयडीसीत शेड उभी राहण्याआधी काय होते? जमिनीची मोजणी होते, नकाशा काढतात, रस्ते कोठून जाणार, पाण्याची नळवाहिनी आणि विजेची तार कोठून येणार हे ठरते, प्लॉटना अक्षर आणि आकडा मिळतो. मगच भिंती उभ्या राहतात. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आधी नकाशा हवा.

नकाशाची सुरुवात एका प्रश्नाने करा : आपल्या दारात कोण कोण येणार?

पहिला पाहुणा आहे दूरच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी. त्याच्या हातात एका सुट्या भागाचे ड्रॉइंग आहे. त्याला विचारायचे आहे : हा भाग तुम्ही करता का? कोणत्या धातूत? किती मापापर्यंत? महिन्याला किती नग द्याल? कोटेशन कोणाकडे मागू?

दुसरा पाहुणा आहे ट्रकचालक. तो दुपारी दीड वाजता हिंगणा रस्त्यावर उभा आहे. त्याला मामांच्या मशीनशी कर्तव्य नाही. प्लॉट कोणता, वळायचे कोठे, जेवणाच्या सुटीत माल उतरवून घेतात का आणि साप्ताहिक सुटी कोणत्या वारी, एवढेच त्याला हवे.

तिसरी पाहुणी आहे आयटीआयमधून टर्नरचे प्रशिक्षण पूर्ण केलेली मुलगी. तिला विचारायचे आहे : इथे शिकाऊ उमेदवार घेतात का? भेटायचे कोणाला?

या तिघांचे प्रश्न वेगवेगळ्या कार्डांवर लिहा. मग एकमेकांशी जुळणारी कार्डे एकत्र ठेवा. पाहता पाहता चार गठ्ठे होतील. प्रत्येक गठ्ठा म्हणजे संकेतस्थळाचे एक पान!

पहिले, मुख्य पान. कारखान्याचे नाव, तो काय तयार करतो हे सांगणारे एक वाक्य, गाव आणि फोन नंबर. येणाऱ्याला आपण योग्य दारात आलो की चुकीच्या, हे चटकन कळले पाहिजे.

दुसरे, आम्ही काय करतो. प्रत्येक वस्तूचे नाव, धातू, माप आणि छायाचित्र.

तिसरे, आमची यंत्रे आणि माणसे. कोणते मशीन, केवढा भाग त्यावर बसतो, मोजमापाची कोणती साधने आहेत, शिकाऊ उमेदवार घेतात का.

चौथे, पत्ता आणि संपर्क. प्लॉट क्रमांक, नकाशा, कामाची वेळ, सुटीचा वार, फोन, ई-मेल.

आता एका मोठ्या कागदावर चार चौकोन काढा आणि एका पानावरून दुसऱ्यावर कसे जायचे ते बाणांनी दाखवा. या बाणांना 'दुवे' म्हणतात. कोणत्याही पानावरून संपर्काच्या पानावर एका टिचकीत जाता आले पाहिजे. एकही बाण पोहोचत नाही असा चौकोन राहिला, तर ती रस्ता नसलेली शेड समजा. तिथे कोणीच जाणार नाही.

मोजले तेच लिहा

आता मजकूर. पुष्कळ लोक लिहितात, 'आम्ही उत्कृष्ट दर्जाची सेवा देतो.' या वाक्याने आपल्या तिघांपैकी कोणाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले? एकाच्याही नाही. त्याऐवजी 'आम्ही २० ते ८० मिलिमीटर व्यासाचे पितळी बुश करतो' हे वाक्य पाहा. यातून खरेदी अधिकाऱ्याला लगेच कळते की आपले काम इथे होईल की नाही.

मामा म्हणतील, "लिही, अचूकता ०.०१ मिलिमीटर. सगळे तसंच लिहितात."

इथे थोडे थांबा. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही सूक्ष्ममापी स्क्रू पाहिला असेल. मामांच्या शेडमधला मायक्रोमीटर म्हणजे तेच साधन. त्याची फिरती मापपट्टी एक पूर्ण फेरा फिरली की स्क्रू ०.५ मिलिमीटर सरकतो आणि त्या पट्टीचे ५० भाग केलेले असतात. ०.५ ला ५० ने भागले की आले ०.०१. हे झाले त्याचे लघुतम माप. जे साधन ०.०१ च्या खाली वाचतच नाही, त्याच्या भरवशावर '०.०१ पर्यंत अचूक' असे ठामपणे कसे म्हणता येईल?

मग उपाय काय? मामांनी केलेले तीस बुश घ्या. ठरलेले माप ४० मिलिमीटर आहे. एकेकाचा बाहेरचा व्यास मोजून वहीत लिहा. समजा, सर्वांत लहान ३९.९८ आणि सर्वांत मोठा ४०.०२ निघाला. तर लिहा : 'बाहेरचा व्यास ठरलेल्या मापाच्या अधिक-उणे ०.०२ मिलिमीटरच्या आत.' ०.०२ मिलिमीटर म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! ही काही लाजण्यासारखी गोष्ट नाही.

यात मामांचा फायदाच आहे. ०.०१ लिहून काम मिळाले आणि तपासणीत बुश ०.०२ ने जाड निघाले, तर सगळा लॉट परत येतो. पितळ वाया, मजुरी वाया, जाण्या-येण्याचे ट्रकभाडे वाया, आणि नवे गिऱ्हाईक पहिल्याच व्यवहारात तुटते. संकेतस्थळावरचे वाक्य म्हणजे न भेटलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो. तो पाळता येईल एवढाच द्यावा. दुसऱ्याच्या कारखान्याचे छायाचित्र उचलून आपल्या पानावर लावणे किंवा न मिळालेल्या प्रमाणपत्राचा उल्लेख करणे हेही याच कारणाने टाळावे.

खुणांची भाषा

मजकूर तयार झाला. आता तो संगणकाला समजेल असा लिहायचा. त्यासाठी 'एचटीएमएल' नावाची भाषा वापरतात. नाव ऐकून घाबरू नका, गणिताचा यात संबंध नाही.

पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून पुस्तके छापत. लेखकाचे हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्याकडे देण्याआधी संपादक त्यावर खुणा करी : हे शीर्षक मोठ्या टायपात, इथून नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. खुणा छापायच्या नसत, त्या जुळवणाऱ्यासाठीच्या सूचना असत. एचटीएमएल ही अशाच खुणांची भाषा आहे, आणि इथे ब्राउझर हा खिळे जुळवणारा आहे. प्रत्येक खूण कोनी कंसात लिहितात. खऱ्या भाषेत खुणांची नावे रोमन लिपीत असतात. कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून येथे ती मराठीत लिहून दाखवतो :

<शीर्षक>बुश आणि पिना</शीर्षक>
<परिच्छेद>आम्ही २० ते ८० मिलिमीटर व्यासाचे पितळी बुश करतो.</परिच्छेद>

पाहिलेत? पहिली खूण सांगते 'इथून सुरू', तिरकी रेघ असलेली खूण सांगते 'इथे संपले'. दुव्यासाठी, चित्रासाठी, यादीसाठी अशाच वेगवेगळ्या खुणा असतात. हे सगळे नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्येही लिहिता येते. रंग, अक्षरांचा आकार, समास या गोष्टी वेगळ्या सूचनापत्रकात लिहितात. त्यामुळे उद्या मामांना निळ्याऐवजी हिरवा रंग हवासा वाटला, तर चार पाने बदलावी लागत नाहीत. एका पत्रकातील एक ओळ बदलली की काम झाले.

आजकाल खुणा न लिहिताही पाने तयार करून देणारी साधने मिळतात. ती जरूर वापरा. परंतु खुणा माहीत असल्या की पान बिघडले तर कोठे बिघडले, हे तुम्हाला शोधता येते. सायकल चालवणाऱ्याला निसटलेली साखळी बसवता आलेली बरी, तसेच हे.

चित्राच्या खुणेत आणखी एक जागा असते. त्या चित्रात काय आहे, हे तिथे शब्दांत लिहायचे. डोळ्यांनी न दिसणारी माणसेही मोबाइल वापरतात आणि त्यांचा मोबाइल पान मोठ्याने वाचून दाखवतो. जागा रिकामी ठेवलीत तर चित्रात काय आहे हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. 'लेथवर तयार झालेला ४० मिलिमीटरचा पितळी बुश' असे लिहिलेत तर ऐकणाऱ्यालाही चित्र दिसेल.

'हिंगणा' संगणकाला कसे कळते?

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. पूर्वी मराठी फॉंट करणारे आपापल्या मर्जीने क्रमांक देत. मग एका संगणकावर लिहिलेले 'हिंगणा' दुसऱ्यावर भलत्याच खुणांची रांग होऊन उमटे. १९९१ साली 'युनिकोड' ही जगातील लिप्यांसाठी एकच क्रमवारी असलेली पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखून ठेवल्या आहेत.

आता 'हिंगणा' लिहू : ह २३६१, पहिली वेलांटी २३६७, अनुस्वार २३०६, ग २३२७, ण २३३९, काना २३६६. एकूण सहा आकडे. गंमत पाहा, पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी 'ह'च्या आधी दिसते, पण साठवताना ती 'ह'नंतर येते. आपण उच्चार करतो तसाच हा क्रम आहे!

पाने साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या अशा प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे 'हिंगणा' अठरा बाइटचे झाले. हेच नाव रोमन लिपीत सहा अक्षरांत, सहा बाइटमध्ये मावते. तेव्हा मराठी पान जड होईल का? मुळीच नाही. जड काय असते ते आता पाहा.

छायाचित्राचे वजन

मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे आहे असे समजू. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ते झाले ३२ मेगाबिट. पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओलहरी नीट शिरत नाहीत, कारण धातू त्यांना अडवतो. तिथे सेकंदाला १ मेगाबिट एवढाच वेग मिळाला, तर एक छायाचित्र यायला ३२ सेकंद लागतील. अशी पाच छायाचित्रे असली तर १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून जास्त! उन्हात उभा असलेला ट्रकचालक इतका वेळ थांबेल का?

उपाय सोपा आहे. ते छायाचित्र ४००० बिंदू रुंद आणि ३००० बिंदू उंच असेल, तर त्यात एकूण १ कोटी २० लाख बिंदू झाले. मोबाइलच्या पडद्यासाठी ८०० गुणिले ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार बिंदू पुरतात. बिंदूंची संख्या पंचविसाव्या हिश्श्यावर आली. त्यासोबत चित्राचे वजनही खूप उतरते आणि पान काही सेकंदांत उघडते. छायाचित्र लहान करण्याचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. फोन नंबर मात्र चित्रात कधीच लिहू नका. तो अक्षरांत लिहा. म्हणजे चित्र यायच्या आधीच तो दिसेल आणि त्यावर टिचकी मारून फोनही लावता येईल.

नाव आणि पत्ता

पाने तयार झाली, सर्व्हरवर भाड्याने जागा घेऊन ठेवलीही. आता ती जगाला सापडणार कशी?

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. त्याच्या जुन्या पद्धतीत चार संख्या असतात, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. अशा पद्धतीने ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात. ते कमी पडू लागले म्हणून आता आणखी लांब पत्तेही वापरात आहेत. पण आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची एक व्यवस्था रचली. तुम्ही नाव लिहायचे, आकडा शोधायचे काम त्या व्यवस्थेचे.

तिची रीत समजायला आपला पिनकोड घ्या. टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. हिंगणा गावाचा पिन ४४१११०. पहिला ४ पाहिला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागाकडे वळते. पुढचा ४ पाहिला की विदर्भ. असे करत शेवटच्या तीन अंकांनी ते नेमक्या टपाल कार्यालयात पोहोचते. देशभरातली सगळी गावे कोणा एकाला पाठ असावी लागत नाहीत. प्रत्येक टप्प्याला फक्त पुढचा टप्पा माहीत असला की पुरे.

संकेतस्थळाच्या नावाचेही असेच आहे. फक्त ते उजवीकडून वाचायचे. समजा, आपण 'मामाकारखाना.भारत' असे नाव घेतले. शोध सुरू होतो 'भारत'पासून. जगभराच्या मूळ यादीतील सर्व्हर सांगतात, 'भारत'ची वही अमक्याकडे आहे. तो सांगतो, 'मामाकारखाना'ची वही तमक्याकडे आहे. आणि तो शेवटी आकडा देतो. हे सगळे डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच होते. देवनागरीतील '.भारत' ही सोय २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. कोइमतूरच्या गिऱ्हाइकाला देवनागरी टंकलिखित करता येणार नाही, म्हणून सोबत रोमन लिपीतील एखादे नावही घ्यावे. दोन्ही नावे एकाच दारी आणून सोडता येतात.

इथे एक सावधगिरी बाळगा. नाव विकत मिळत नाही, ते एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. मुदत टळून गेली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो. दुसरे म्हणजे, नोंदणी मामांच्याच नावे आणि मामांच्याच ई-मेलवर असली पाहिजे. पान करून देणाऱ्याने ती सोयीसाठी स्वतःच्या नावे केली आणि पुढे तो गाव सोडून गेला, तर पाटीही गेली आणि दारही गेले! प्लॉटचे कागद मामा जसे कपाटात जपून ठेवतात, तसेच हेही कागद ठेवायला सांगा. आणि हो, ते करून देणारा भाचा असला तरी नियम तोच बरे का!

ब्राउझरमध्ये नावाशेजारी कुलपाचे चिन्ह तुम्ही पाहिले असेल. त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी ते पान वाचू किंवा बदलू शकत नाही. आपल्या संकेतस्थळाला ते असावेच. परंतु कुलूप असलेल्या घराचा मालक सज्जन आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. ते तुम्हीच पारखायचे.

शेवटची तपासणी

संकेतस्थळ उघडण्याआधी मामांना दाखवू नका. त्यांना सगळे आधीच ठाऊक आहे. जिला काहीच ठाऊक नाही अशी शेजारची काकू गाठा. तिच्या हातात मोबाइल द्या आणि म्हणा, "काकू, या कारखान्याला सुटी कोणत्या वारी असते ते सांगा." मग घड्याळ लावून गप्प बसा. बोट दाखवायचे नाही, काही सुचवायचे नाही. काकूला अर्धा मिनिट लागले तर नकाशा चांगला साधला. दोन मिनिटे लागली तर चूक काकूची नाही, तुमच्या आखणीची आहे. कागद काढा आणि बाण पुन्हा जुळवा.

आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः पान उघडून पाहा. फोन नंबर तोच आहे ना? विकलेले मशीन यादीत राहिले नाही ना? ज्या नंबरवर कोणी उचलत नाही, तो छापलेला नंबर न छापलेल्यापेक्षा वाईट. कारण गिऱ्हाईक एकदा फोन करते, दुसऱ्यांदा दुसऱ्याच कारखान्याला करते.

संकेतस्थळ केले म्हणून दुसऱ्या दिवशी कामाचा पाऊस पडेल, असे मामांना सांगू नका. तसा शब्द आपल्याला देता येणार नाही. पण ज्या दिवशी कोणीतरी दूरवर बसून चाळीस मिलिमीटरचा पितळी बुश शोधील, त्या दिवशी मामांचे उत्तर तिथे हजर असेल. खरे, मोजलेले आणि फोन नंबरासह. दुपारनंतर बंद राहणारे ते लेथ मशीन पुन्हा फिरू लागायला एवढी सुरुवात तर हवीच ना?

करून पाहा

घरातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. त्यांच्या कोऱ्या बाजूची सारख्या आकाराची बारा कार्डे कापा. तुमच्या गल्लीतले एखादे दुकान, पिठाची गिरणी किंवा सायकल दुरुस्तीचे दुकान निवडा. तिथे दहा मिनिटे उभे राहून गिऱ्हाइके काय काय विचारतात ते ऐका आणि एका कार्डावर एक याप्रमाणे प्रश्न लिहा. ही कार्डे तीन वेगवेगळ्या माणसांना गठ्ठे करायला द्या. तिघांचे गठ्ठे कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, याची नोंद करा. जुळले ते तुमच्या संकेतस्थळाचे पान!

आता एका पुठ्ठ्यात मोबाइलच्या पडद्याएवढी खिडकी कापा. लांब कागदी पट्टीवर मुख्य पान हाताने लिहा आणि ती खिडकीमागून हळूहळू वर सरकवा. सुरुवातीला खिडकीत काय दिसते? दुकानाचे नाव, काम आणि फोन नंबर दिसला का? नसेल तर पट्टी पुन्हा लिहा. पट्टी खोडायला रबर पुरते, संगणकाची गरज नाही.